चालत्या यंत्रणेत बदल करणारी माणसे
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. म्हणून चिटणीस साहेबांची परवानगी घेऊन मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे. या कोपऱ्यात मी स्वतः बरीच वर्षे काम केले. आपली कितीतरी मुले पुढे येथेच नोकरीला लागतात, परंतु नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत त्यांना किंवा त्यांच्या अम्मी-अब्बांना या कामाचे नावसुद्धा ठाऊक नसते. कंपन्यांतून या कामाला ‘रिलीज’ आणि ‘डिप्लॉयमेंट’ म्हणतात. चालू असलेल्या संगणक यंत्रणेत नवा बदल सुखरूप नेऊन बसविणे, असा त्याचा अर्थ.

संगणकाची नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रोग्राम लिहिणारा मुलगा येतो. तो असतोच. पण त्याने लिहिलेला प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या संगणकावर कितीही सुरेख चालला तरी त्याचा उपयोग कोणाला? ज्या यंत्रांवर बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळाच्या नोंदी चालतात त्या यंत्रांवर तो पोहोचला पाहिजे. आणि ती यंत्रे तर चालूच असतात. भिवंडी-मालेगावकडच्या मंडळींना हे चटकन कळेल. मागावरचा ताणा संपला की माग थांबवतात आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडून घेतात. काम नाजूक असते, पण माग तेवढा वेळ उभा असतो. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा माग थांबवण्याची परवानगी नसते. कापड निघत असताना धागे बदलायचे, आणि कापड घेणाऱ्याला गाठ दिसता कामा नये!

यातील दोन शब्दांचा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण मुलाखतीत तो हटकून विचारतात. माल रात्री दुकानात आणून फळीवर नीट लावून ठेवणे म्हणजे डिप्लॉयमेंट. सकाळी शटर वर करून तोच माल गिऱ्हाइकासाठी विक्रीला काढणे म्हणजे रिलीज. पूर्वी ही दोन्ही कामे एकाच दमात होत असत. आता नवा प्रोग्राम आधी यंत्रावर नेऊन ठेवतात, पण झाकून. सर्व ठीक दिसले की एक कळ दाबून तो लोकांसाठी खुला करतात. संगणक सेवेच्या व्यवस्थापनाची ‘आयटिल’ नावाची पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात सुरू झाली आणि आज जगभर वापरली जाते. तिच्या २०१९ च्या चौथ्या आवृत्तीतही ही दोन कामे वेगळी मानली आहेत.

आता हे काम बिघडले म्हणजे काय होते ते एका घटनेवरून पाहू. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण आमच्या धंद्यातील जवळजवळ सारे धडे तिच्यात एकत्र सापडतात. घटना अमेरिकेतील आहे आणि तेथील सरकारी रोखे आयोगाने चौकशी करून तिचा सर्व तपशील जाहीर केलेला आहे.

नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात दलालीचे काम करणारी मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअरबाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यात भाग घेता यावा म्हणून कंपनीने आपल्या प्रोग्राममध्ये बदल केला. बाजारात ऑर्डरी पाठविण्याचे काम आठ सर्व्हर करीत. २७ जुलैपासून, रोज काही सर्व्हर घेऊन, नवा प्रोग्राम या यंत्रांवर बसविण्यास सुरुवात झाली. सात यंत्रांवर तो नीट बसला. आठव्या यंत्रावर बसवायचा राहून गेला.

एवढ्यानेही कदाचित फारसे बिघडले नसते. परंतु त्या यंत्रांत एक जुना प्रोग्राम पडून होता. २००३ पासून तो कोणी वापरला नव्हता, आणि कोणी काढूनही टाकला नव्हता. घरात बंद पडलेला पंखा माळ्यावर टाकून ठेवावा तसा. किती माल विकत घेतला याचा हिशेब ठेवून ‘आता पुरे’ म्हणण्याची सोय त्या प्रोग्रामला होती, पण २००५ मध्ये दुसऱ्याच एका बदलाच्या वेळी ती सोय तेथून हलली आणि त्यानंतर तो प्रोग्राम तपासून पाहिला गेला नाही. आता नव्या प्रोग्रामसाठी जी खूण वापरायची ठरली ती नेमकी या जुन्या प्रोग्रामला जागे करणारी खूण होती. सात यंत्रांवर त्या खुणेचा अर्थ ‘नवी योजना’ असा होता, आठव्या यंत्रावर तिचा अर्थ जुनाच राहिला.

बाजार सकाळी साडेनऊ वाजता उघडला. गिऱ्हाइकांच्या २१२ लहान ऑर्डरी त्या आठव्या यंत्राकडे गेल्या आणि ते यंत्र थांबेचना. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांत ४० लाख व्यवहार होऊन ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान सोसावे लागले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अडीच हजार कोटी रुपये. कंपनी जगली ती बाहेरच्या गुंतवणूकदारांनी पैसे ओतले म्हणून, आणि पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये रोखे आयोगाने तिला १ कोटी २० लाख डॉलरचा दंडही केला.

या हकीकतीत मला स्वतःला दोन गोष्टी आकड्यांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. पहिली अशी की बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने आपोआप ९७ ई-मेल पाठविल्या होत्या आणि त्यांत त्या जुन्या प्रोग्रामचे नाव होते. त्या मेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे गेल्या. पण त्या धोक्याची सूचना म्हणून योजलेल्या नव्हत्या आणि आल्या आल्या वाचण्याचा प्रघातही नव्हता. दुसरी गोष्ट अशी की गोंधळ सुरू झाल्यावर घाईघाईने जे उपाय केले त्यांतल्या एकात, ज्या सात यंत्रांवर नवा प्रोग्राम बरोबर बसला होता तेथूनच तो काढून टाकण्यात आला. परिणाम असा झाला की एका यंत्राचा आजार आठांना जडला. परत कसे फिरायचे ते आधी ठरवून कागदावर लिहिलेले नसले की माणूस अशा वेळी अंधारात हात मारतो, मग तो किती का हुशार असेना.

ज्याच्या हातून आठवे यंत्र राहिले त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण चौकशीचा रोख दुसरीकडे आहे. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने ते तपासावे असा लेखी नियमच त्या कंपनीत नव्हता. माणसाचे लक्ष चुकणारच. घरी चार जणांच्या जेवणात मीठ दोनदा पडते, येथे तर मध्यरात्री आठ यंत्रे सांभाळायची असतात. म्हणून आमच्याकडे करणारा एक आणि पाहणारा दुसरा, अशी शिस्त असते. प्रत्येक पायरी आधी लिहून काढतात, तिच्यापुढे लागणारा वेळ लिहितात, ती कोण करणार त्याचे नाव लिहितात. आणि अमुक वाजेपर्यंत अमुक गोष्ट झाली नाही तर पुढे जायचे नाही, परत फिरायचे, ही वेळही आधीच ठरवितात. या परत फिरण्याला ‘रोलबॅक’ म्हणतात. त्याची तालीम केलेली असावी लागते.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक इशारा. प्रोग्राम मागे नेणे तुलनेने सोपे असते, माहिती मागे नेणे कठीण. नवा प्रोग्राम एक तास चालला आणि त्या तासात हजारो लोकांनी पैसे भरले, तर जुना प्रोग्राम परत आणताना त्या हजारोंच्या नोंदींचे काय करणार? यास्तव माहितीच्या रचनेत बदल करताना जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम काही काळ तिच्यावर चालू शकतील अशी व्यवस्था करतात, आणि जुने मागाहून, सावकाश काढतात. हे ज्याला नीट जमते त्याला नोकरीची ददात नाही.

दुसरी घटना इंग्लंडमधील टीएसबी बँकेची. ही बँक पूर्वी लॉइड्सच्या संगणक यंत्रणेवर चाले. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली आणि आपल्याच संगणक कंपनीकडून बांधलेल्या नव्या यंत्रणेवर तिला न्यायचे ठरविले. एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी हे स्थलांतर जवळजवळ एकाच झटक्यात करण्यात आले. ग्राहकांची माहिती नव्या जागी बरोबर पोहोचली. पण रविवारी संध्याकाळी दारे उघडताच नवी यंत्रणा कोलमडली. बँकेचे ५२ लाख ग्राहक होते आणि त्यांतील फार मोठ्या वर्गाला झळ पोहोचली. कोणाला खाते उघडता येईना, कोणाचे पैसे पुढे जाईनात. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

बँकेने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत पुढे आले की नवी यंत्रणा दोन ठिकाणच्या केंद्रांवर एकाच वेळी चालणार होती, पण एवढा भार ती पेलेल का याची परीक्षा दोहोंपैकी एकाच केंद्रावर घेतली गेली होती. आणि आणखी एक गोष्ट, जी मला आजच्या सभेच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. एप्रिल २०२३ मध्ये नियामकाने बँकेच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड केला. ज्या कंपनीने यंत्रणा बांधली ती खरोखर तयार आहे की नाही याची त्यांनी पुरेशी खातरजमा केली नाही, असा ठपका होता. म्हणजे ‘आम्ही तयार आहोत’ हा समोरच्याचा शब्द पुरेसा मानायचा नसतो.

मोठा बदल एका रात्रीत करण्यापेक्षा लहान लहान बदल वारंवार करावेत, हा विचार आता सर्वत्र रुजला आहे. २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या सेवेतील दोघा अभियंत्यांनी एका परिषदेत सांगितले की आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल बसवितो. त्या वेळी ते अनेकांना धाडसाचे वाटले होते. वस्तुतः त्यात धोका कमीच असतो. लहान बदल बिघडला तर कशाने बिघडला हे लगेच कळते. शिवाय तो आधी थोड्या लोकांना द्यायचा, तासभर पाहायचे, मग सर्वांना द्यायचा. याला ‘कॅनरी’ म्हणतात. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी कामगार कॅनरी पक्षी बरोबर नेत, त्यावरून हे नाव पडले. बिचाऱ्या पक्ष्याची आठवण संगणकवाल्यांनी तेवढी ठेवली आहे.

हा ‘आधी थोड्यांना’चा नियम पाळला नाही की काय होते ते १९ जुलै २०२४ रोजी आपण येथे बसून पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटीशी फाइल जगभर एकदमच पाठविली. तिच्यात दोष होता. सुमारे सव्वा तासाने त्यांनी ती मागे घेतली, पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती, आणि त्यातील बऱ्याच यंत्रांपाशी माणूस पाठवून ती हाताने सुरू करावी लागली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

आपल्या देशातही आता या गोष्टींकडे कोणी क्षुल्लक म्हणून पाहत नाही. सेवा पुन्हा पुन्हा बंद पडते या कारणासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसीसारख्या मोठ्या बँकेला नव्या डिजिटल सेवा सुरू करण्यास मनाई केली होती. ती पूर्णपणे उठली मार्च २०२२ मध्ये.

आता पालकांना जे सांगायचे आहे त्याकडे वळतो. थोडे स्पष्ट बोलणार आहे. बुजुर्ग मंडळींनी राग मानू नये.

आपल्या घरांतून मुलांना लहानपणापासून शिकवले जाते की मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, उलट उत्तर द्यायचे नाही. ही अदब मला मोलाची वाटते आणि माझ्या मुलांनाही मी तीच शिकविली. पण अदब आणि मुकेपणा यांतली रेघ आपण नेहमी ओढतोच असे नाही. दुकानाच्या हिशेबात मुलाला चूक दिसते आणि तो ‘अब्बा, ही बेरीज बरोबर नाही’ म्हणतो, तेव्हा आपण वही पाहतो की मुलाकडे डोळे वटारतो? डोळे वटारले गेले की तो मुलगा एक धडा शिकतो, आणि तो धडा घेऊन तो आमच्याकडे नोकरीला येतो.

मग होते असे. शनिवारची रात्र असते. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा यादी हातात घेऊन बसलेला असतो. आठपैकी सात यंत्रे तपासून झालेली असतात. टेलिफोनवर परदेशातला ग्राहक, इकडचे साहेब, त्यांचे साहेब, सगळे हजर असतात. सर्वांना झोपायला जायचे असते. कोणी तरी विचारतो, ‘तयार आहे ना? जायचे पुढे?’ आणि त्या पोरालाच एकट्याला ठाऊक असते की आठवे यंत्र राहिले आहे. त्या क्षणी ‘हो साहेब’ म्हणणे किती सोपे असते हे मी अनेक नव्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. आपल्या मुलांच्या चेहऱ्यांवर तर विशेष करून. ती मेहनती असतात, प्रामाणिक असतात, पण साहेबाला थांबवायचे कसे हे त्यांना कोणी शिकविलेले नसते.

त्यासाठी उद्धट व्हावे लागत नाही. ‘साहेब, सात यंत्रे तपासली, आठवे राहिले आहे, मला वीस मिनिटे लागतील,’ एवढे शांतपणे म्हटले की झाले. यात उलट उत्तर नाही, तक्रार नाही, फक्त खरी गोष्ट आहे आणि ती वेळेवर सांगितलेली आहे. चांगला साहेब त्या मुलाचे नाव लक्षात ठेवतो. चांगला नसेल तो रागावेल, हेही सांगून ठेवतो. अशा वेळी ते वाक्य लिहून पाठवावे, म्हणजे नोंद राहते. या सवयीची सुरुवात कंपनीत होत नाही. घरात आणि वर्गात होते. गुरुजनांनाही माझी विनंती आहे की फळ्यावरचे गणित चुकले तर दाखवून देणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी, मग त्यात स्वतःची थोडी अडचण झाली तरी.

रात्रपाळीविषयी पालक नेहमी विचारतात, आणि रास्त विचारतात. बदल बसवायचा तर ग्राहकाची वर्दळ कमी असेल ती वेळ निवडतात, म्हणून हे काम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी येते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस किंवा सणासुदीच्या विक्रीच्या काळात उलट बहुतेक ठिकाणी बदलांना बंदीच असते. मुलींना महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर त्यांच्या संमतीनेच काम देता येते, आणि संरक्षणाची तसेच घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मालकावर आहे. ही चौकशी नेमणुकीच्या वेळीच करावी, संकोच करू नये. बरेचसे काम आता घरी बसूनही होते. पण झोपेचे खोबरे होते हे खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला ‘दिवसभर लोळतोस’ म्हणू नका!

इंग्रजीचे भय आपल्या मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना फार असते. या कामात अलंकारिक इंग्रजी कोणाला नको असते. काय केले, किती वाजता केले, काय दिसले, हे चार ओळींत स्वच्छ लिहिता आले पाहिजे. ते सरावाने येते. पदवी अभियांत्रिकीचीच हवी असेही नाही. विज्ञान शाखेची किंवा संगणक पदविका घेतलेली मुले या कामात उत्तम चालताना मी पाहिली आहेत. लिनक्स या यंत्रप्रणालीचे मूळ हुकूम आणि गिट हे साधन यांची ओळख असली की सुरुवात होते. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हे साधन २००५ साली निघाले. दोन्ही फुकट मिळतात आणि जुन्या संगणकावरही चालतात.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी आपल्या शाळेच्या संगणक कक्षात दोघा-दोघांनी मिळून एक प्रयोग करावा. शाळेच्या वेळापत्रकाचे एक साधे पान तयार करून ते कक्षातील एका यंत्रावर ठेवावे, म्हणजे बाकीच्या यंत्रांवरून ते दिसेल. मग त्यात एक बदल करायचा. आधी पायऱ्या कागदावर लिहायच्या, परत फिरण्याच्या पायऱ्याही लिहायच्या. एकाने बदल बसवायचा, दुसऱ्याने यादी हातात धरून पाहायचे. नंतर मुद्दाम चुकीचा बदल बसवायचा आणि घड्याळ लावून पाहायचे की जुने पान परत यायला किती मिनिटे लागतात. पहिल्या वेळी बराच वेळ जाईल. पाचव्या वेळी तो किती कमी झाला ते मला कळवा. संगणक शिक्षकांशी मी याबाबत बोललो आहे आणि त्यांनी शनिवारी दुपारी कक्ष उघडा ठेवण्याचे कबूल केले आहे.

वेळ बरीच झाली. कोणाला काही विचारायचे असल्यास मी सभेनंतर येथेच थांबणार आहे.